खुंटीवरचा कोट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी एकच नाव घेतो: अंबडच्या कोर्टातले आप्पा वकील. त्यांचं पूर्ण नाव फक्त वकीलपत्रावर दिसतं. कोर्टाच्या शिपायापासून पक्षकारांपर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणतात, आणि दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नाहीत.

मी तीर्थपुरीजवळच्या एका गावचा. वडील घनसावंगी रस्त्यावर जीप चालवायचे. दहावीच्या पुढे गेलेला घरातला मी पहिला. मी वकील झालो तेव्हा वडिलांनी जीपच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'ॲडव्होकेट' असं रंगवून घेतलं. नाव नाही, काही नाही, नुसतं ॲडव्होकेट. त्यामुळे पुढे बरेच दिवस लोक त्यांनाच रस्त्यात थांबवून बांधाच्या भांडणाचा सल्ला विचारायचे, आणि ते तो द्यायचेही.

सनद हातात आली, कोट शिवला आणि मी अंबडला आलो. बाररूममध्ये दोघातिघांनी विचारलं, कोणाचा तू, कोणत्या गावचा, ओळखीत कोण हाये. आप्पा कोपऱ्यात चहात बिस्कीट बुडवत बसले होते. त्यांनी वेगळंच विचारलं.

"शेवटचं काय वाचलं?"

मला वाटलं परीक्षेचं विचारतात. मी टक्के सांगितले.

"ते न्हाई रे. निकाल लागल्यापासून काय वाचलं?"

"काहीच नाही," मी खरं ते सांगितलं.

आप्पांचं बिस्कीट तुटून चहात पडलं. त्याच्याकडे बघतच ते म्हणाले, "म्हंजे तू आजारी माणूस आहेस. उद्यापासून माझ्याकडं ये."

आप्पांचं ऑफिस बसस्टँडच्या रस्त्याला, खत-बियाणांच्या दुकानाच्या वर. जिना चढताना फवारणीच्या औषधाचा वास नाकात बसायचा. अजूनही कुठे तो वास आला की मला कलमं आठवायला लागतात. आत दोन टेबलं, पुस्तकांची कपाटं आणि भिंतीवर तीन खुंट्या. पहिल्या खुंटीवर आप्पांचा कोट, दुसरी रिकामी होती ती मला मिळाली, तिसरीवर शकूरभाईंची पिशवी. शकूरभाई हे आप्पांचे मुन्शी. अर्ज टाईप करणं, नकला काढणं, तारखा सांभाळणं, पक्षकारांना समजावणं, सगळं त्यांच्याकडे. दोघांनी बरोबरच काम सुरू केलेलं. आप्पा त्यांच्याशी मराठीत बोलायचे, ते आप्पांशी त्यांच्या घरच्या दख्खनीत, आणि भांडण झालं की नेमकं उलटं.

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी माझ्यापुढे एक इंग्रजी निकाल टाकला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला मी. एकेक वाक्य तीनदा वाचायचो. दोन दिवसांनी म्हणालो, वाचला.

"शकूरला सांग."

मला कळेना. शकूरभाई हातातलं काम बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसले होते, जणू ही रोजचीच गोष्ट. मी सुरुवात केली. अमुक परिच्छेदात न्यायालयाने असं निरीक्षण नोंदवलं, तमुक परिच्छेदात तसं.

शकूरभाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "लेकिन वो बाई को घर मिला क्या?"

मी पानं उलटत राहिलो.

"न्हाई वाचला," आप्पा म्हणाले. "शकूरला समजला तरच निकाल वाचला असं धरायचं. पुन्हा."

ही आमच्या ऑफिसची रीत होती. कोर्टाला सुट्टी असेल त्या शनिवारी दुपारी शाळा भरायची. वाचायचं, शकूरभाईंना सांगायचं, आणि त्यांच्या प्रश्नात सापडायचं. मला इंग्रजी कोणी शिकवलं असं विचाराल तर मी म्हणेन, इंग्रजी न येणाऱ्या माणसाने.

या शाळेला पुढे नियम लागला त्याचीही एक कथा आहे. आप्पांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की काही देशांत वकिलाला दरवर्षी ठरावीक तास अभ्यास केल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर कोर्टात उभं राहता येत नाही. वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही काही ठिकाणी तसंच. हे वाचून आप्पा दोन दिवस लग्नघरातल्यासारखे हिंडत होते. बारच्या, म्हणजे वकील संघाच्या, बैठकीत त्यांनी ठराव मांडला, की असं काही आपणही आपल्यापुरतं सुरू करावं.

एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "आप्पा, सनद एकदा मिळाली की मिळाली. आता या वयात पाठीवर दप्तर देता का आम्हाला?"

दुसरे म्हणाले, "आधी बाररूमचा पंखा दुरुस्त करा. मंग अभ्यासाचं बघू."

ठराव पडला. पंखा मात्र त्याच आठवड्यात दुरुस्त झाला.

आप्पा ऑफिसात आले, कोट काढला आणि म्हणाले, "शकूर, नियम न्हाई म्हणून काय झालं? आपण तिघं तर आहोत."

तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडायच्या आधी आमच्या ऑफिसात परीक्षा. माझा पेपर आप्पा काढायचे, आप्पांचा मी, आणि शकूरभाईंचा दोघं मिळून. तीन तास, पुस्तक बंद. नापास होईल त्याने फेरपरीक्षा पास होईपर्यंत कोट खुंटीवर ठेवायचा आणि कोर्टात उभं राहायचं नाही. शकूरभाईंनी नापास झाल्यास कोर्टाचं फाटक ओलांडायचं नाही. आणि एक नियम सगळ्यात वरचा. आप्पांनी तो पहिल्या परीक्षेच्या आधी उभं राहून सांगितला होता: "ज्या प्रश्नाच्या उत्तरावर माणूस आत राहतो न्हाईतर बाहेर येतो, तो प्रश्न चुकला तर बाकी सगळे बराबर असले तरी बिलकुल नापास."

शकूरभाई एका वर्षी अपिलाची मुदत मोजण्यात चुकले. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यांनी वजा केला नाही. आठवडाभर ते ऑफिसात बसून होते आणि कोर्टातल्या कामांसाठी मी पळत होतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घर में पूछ रहे, तुमकू निकाल दिये क्या? मैं बोला, निकाले नहीं, फेल करे. तो हसने लगे सब. पोता बोला, दादा, मैं तो पास हुआ."

आप्पा पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "नातवाला म्हणावं, आजोबाचा अभ्यास घे."

आप्पांचं हे वेड ऑफिसापुरतं नव्हतं. भेटेल त्याला ते विचारायचे, "या वर्षी नवीन काय शिकलात?" केस कापणाऱ्याला विचारायचे, गिरणीवाल्याला विचारायचे. एकदा त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना जालन्याला घेऊन गेल्तो. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, दिवा लावला, तोंड उघडायला सांगितलं. आप्पांनी तोंड उघडलं आणि तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काका, वीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"ते बराबर आहे. पण या वर्षी?"

डॉक्टर नुसते हसले आणि दिवा जवळ ओढला. आप्पा खुर्चीतून उतरले, गालाला रुमाल लावला आणि रिक्षात येऊन बसले. मी खूप समजावलं. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मागच्याच महिन्यात रूट कॅनॉलचं काही नवं शिकल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे आप्पांनी दाढेला हात लावू दिला. परतताना अर्ध्या सुन्न तोंडाने आप्पा म्हणाले, "जुना अनुभव वाईट नसतो रे. पण तो आपल्याला सांगत न्हाई की तो जुना झाला."

हे वाक्य मला पुढे फार आठवलं.

फौजदारी कायदे बदलले तेव्हा सगळं कोर्ट गडबडून गेलं होतं. ज्यांना आयुष्यभर तीनशे दोन आणि चारशे वीस पाठ, त्यांनी नव्या आकड्यांचे तक्ते छापून घेतले. एका बाजूला जुनं कलम, दुसऱ्या बाजूला नवं. बाररूममध्ये प्रत्येकाच्या खिशात तो तक्ता. आप्पांनी तो ऑफिसात येऊ दिला नाही. "तक्ता म्हंजे घर नंबर बदलल्याची नोटीस," ते म्हणायचे. "घरात आता कोण राहायला आलंय ते तक्ता सांगत न्हाई. दार उघडून आत जावं लागतं."

आणि ते दार उघडून आत जायला बसले. पंचाहत्तरीच्या घरातला माणूस, पण रोज सकाळी नवं पुस्तक पुढ्यात. ते पुस्तक डोळ्यांजवळ धरतात हे मला दिसत होतं. नंतर भिंग आलं. मी एकदा म्हणालो, "आप्पा, डोळे दाखवून यायचे का?" ते म्हणाले, "कायदा संपू दे."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा पेपर मी मन लावून काढला. एक प्रश्न कच्च्या कैद्यांचा होता. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला माणूस, खटला चालू, जामीन नाही. त्याने किती काळ जेलमध्ये काढला की कोर्टाने त्याला सोडायला हवं? जुन्या कायद्यात उत्तर होतं, त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ. नव्या कायद्यातही कलमाची सुरुवात तशीच आहे. पण त्याच्या खाली 'परंतु' म्हणून एक वाक्य जोडलंय: यापूर्वी कधी दोषी न ठरलेल्या माणसाला एक तृतीयांश काळ भरला की सोडायचं.

पेपर संपल्यावर मी तपासायला बसलो. शकूरभाई चहा सांगून आले. आप्पांच्या उत्तरपत्रिकेत सगळं चोख होतं. त्या एका प्रश्नापुढे लिहिलं होतं: निम्मा काळ.

मी पेन खाली ठेवलं. आप्पांनी ते पाहिलं.

"कोणता?"

मी सांगितला. पुस्तक उघडून पुढे केलं. त्यांनी भिंग धरलं, कलम वाचलं, मग भिंग खाली सरकवलं आणि 'परंतु'पासून पुन्हा वाचलं. 

"शकूर," ते म्हणाले, "घनसावंगीकडची मथुराबाई. तिला मी काय सांगितल्तं?"

शकूरभाई जागेवरच उभे राहिले. मथुराबाईचा भाऊ जालन्याच्या जेलमध्ये होता. ऊसतोडीच्या टोळीत फिरणारा माणूस. घरात शिरून चोरी केल्याचा एकच आरोप, त्याआधी नावावर काही नाही. फिरस्ता म्हणून जामीन दोनदा फेटाळला गेला होता. गेल्या दिवाळीच्या आधी मथुराबाई ऑफिसात आल्ती तेव्हा आप्पांनी तिला म्हटलं होतं, अजून थांब, निम्मी होऊ दे, मंग अर्ज टाकू.

"आप बोले थे, थांब," शकूरभाई म्हणाले.

त्याची एक तृतीयांश तेव्हाच भरली होती.

मी म्हणालो, "आप्पा, डोळ्यांमुळं झालं. अक्षर किती बारीक आहे."

"डोळे चुकले असतील," आप्पा म्हणाले. "पण डोळे चुकून राह्यले हे मला माहीत होतं ना?"

त्यांनी उत्तरपत्रिका माझ्या हातून घेतली, वर स्वतःच 'नापास' लिहिलं. मग उठले, अंगातला कोट काढून खुंटीवर लावला. परीक्षेलाही ते कोट घालून बसायचे. "अर्ज आत्ताच तयार करा. उद्या तू उभा राहा."

"आप्पा, नियम आपलाच आहे. एका दिवसासाठी…"

"आपलाच आहे म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी मथुराबाई पहिल्या गाडीने आली. शकूरभाईंनी निरोप पाठवला होता. मी तिला अर्जाचं सांगायला लागलो, पण आप्पांनी मला हाताने थांबवलं. त्यांनी खुर्ची तिच्यासमोर ओढून घेतली.

"चूक माझी हाये, बाई. नवा कायदा मी नीट वाचला न्हाई. तुझा भाऊ दिवाळीच्या आधीच सुटायला पायजे होता."

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणलते ना, थांब म्हणून? मी थांबले. त्याच्या लेकराला बी म्हणलं, थांब, वकीलसाहेबानं सांगितलंय."

"हां."

"तुम्हाला म्हाईत न्हवतं?"

"न्हवतं."

"मंग म्हाईत न्हाई असं म्हणायला काय जातं हो तुमचं?"

आप्पांनी मान खाली घातली. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या पोराला तरी येतंय का?"

"येतंय," आप्पा म्हणाले. "त्यानंच मला पकडलं."

जिना उतरताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "हळू बोल. पहिलं वाक्य लहान ठेव."

कोर्टात मी उभा राहिलो तेव्हा आप्पा शेवटच्या बाकावर, पक्षकारांच्या मध्ये, पांढऱ्या शर्टात बसले होते. न्यायाधीश मॅडमची नजर त्यांच्यावर गेली.

"आप्पा, आज कोट कुठे?"

आप्पा उभे राहिले. "मॅडम, नापास झालो. आज नुसता ऐकायला आलो."

कोर्टात हशा पिकला. मॅडमही हसल्या, पण आप्पा हसत नाहीत हे पाहून थांबल्या.

माझं पहिलं वाक्य लहान होतं. "मॅडम, हा माणूस आज आत असायला नको." सरकारी वकील म्हणाले, आरोपी नवा कायदा येण्याच्या आधी पकडलेला आहे, त्याला नवी सवलत कशी मिळेल? हा प्रश्न येणार हे आप्पांनी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद आधीच्या कैद्यांनाही लागू असल्याचं सांगितलंय, तो आदेश मी पुढे केला. तो मी शकूरभाईंना दोनदा समजावून सांगितला होता, त्यामुळे कुठे अडखळलो नाही. मॅडमनी जेलकडून माहिती मागवली, ती आली, आणि त्याच आठवड्यात मथुराबाईचा भाऊ जातमुचलक्यावर सुटला. जामीनदारसुद्धा लागला नाही.

लोकांनी माझ्याशी हात मिळवले. वडिलांनी जीप थेट कोर्टापुढे आणून लावली. आप्पांना मी शोधत होतो. ते व्हरांड्यात एका बाकावर बसून दारावर लावलेली आजच्या कामांची यादी वाचायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना ती वाचता येत नव्हती.

फेरपरीक्षा त्यांनी दिली नाही. मोतीबिंदू बराच पिकला होता. मुलगी येऊन त्यांना संभाजीनगरला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, "यापुढं प्रत्येक पेपरात शेवटचा प्रश्न एकच ठेव. मला काय माहीत नाही, ते लिहा. सगळ्यात जास्त मार्क त्याला." मग खुंटीकडे बघितलं, पण कोट घेतला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं असं कळलं. मी फोन केला की म्हणायचे, "आता राहू दे. डोकं जुन्या आकड्यांनी भरून गेलंय. तू हायेस ना." बारमध्ये लोक म्हणायला लागले, आप्पा रिटायर झाले. एकाने निरोप समारंभासाठी शाल-श्रीफळाची गोष्ट काढली. शकूरभाई त्याच्यावर असे उखडले की मराठीत बोलायला लागले.

त्या संध्याकाळी मी बसून पेपर काढला आणि त्याच्यासोबत हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे बरे आहेत हे ऐकून आनंद झाला. इकडे सगळं ठीक आहे. या वर्षी आपल्या ऑफिसात एक नवीन मुलगी आली आहे, परतूरकडची. घरातली पहिलीच शिकलेली, माझ्यासारखी. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, शेवटचं काय वाचलं. ती म्हणाली, तुमच्या जिन्यातली पाटी. तिला ठेवून घेतलं आहे. शकूरभाई तिला निकाल सांगायला लावतात आणि तिचं ऐकून माझ्याकडे बघून हसतात.

मथुराबाईचा भाऊ प्रत्येक तारखेला हजर असतो. टोळी कुठेही असली तरी येतो. मागच्या तारखेला मथुराबाई आली होती. तिने विचारलं, ते म्हातारे वकील पास झाले का? मी म्हणालो, अजून परीक्षा व्हायची आहे. ती म्हणाली, मंग घ्या ना लवकर, माणूस उगं बसून काय करतोय.

आप्पा, तुमचं बिस्कीट तुटून चहात पडलं त्या दिवसापासून मी जे काही झालो ते तुमच्यामुळे झालो. पण ते सांगायला हे पत्र नाही. सोबत पेपर जोडला आहे. अक्षर मोठं काढलं आहे, प्रश्न मात्र सोपे केलेले नाहीत. तीन तास, पुस्तक बंद. ताईंना समोर बसायला सांगा. शेवटचा प्रश्न तुम्ही सांगितलेलाच आहे.

तुमचा कोट शकूरभाईंनी धुऊन, इस्त्री करून आणला. मला वाटलं, ते तो तुमच्याकडे पाठवतील. त्यांनी तो पुन्हा त्याच खुंटीवर लावला आणि म्हणाले, पास झाल्याबिगर मी कोणाला हात लावू देणार न्हाई, त्यांना पण न्हाई.

उत्तरपत्रिकेची वाट बघतो.

आपला विद्यार्थी.